आगपेटीवरची चित्रे

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा नातू इंदूरला आला होता. दुपारच्या उन्हात बाहेर जाता येईना, तेव्हा त्याने कपाटाचे खण उपसण्यास प्रारंभ केला आणि अगदी तळच्या खणातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा बाहेर काढला. झाकण गंजून इतके घट्ट बसले होते की ते चमच्याने उचकटावे लागले. आत काय असेल याची त्याला उत्सुकता होती. मला मात्र ते पाठ होते. आगपेट्यांवरची शेदोनशे चित्रे, सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांचे कापलेले दर्शनी भाग, कापडाच्या ताग्यांवरून सोडविलेली काही रंगीत तिकिटे, होळकर सरकारची थोडी टपाल तिकिटे आणि वर्तमानपत्रांतून कापून ठेवलेली क्रिकेटपटूंची छायाचित्रे. साठांहून अधिक वर्षांपूर्वी ही माझी सारी स्थावरजंगम मालमत्ता होती.

नातवाने तो सारा पसारा जमिनीवर मांडला. त्याच्याजवळही खेळाडूंच्या चित्रांचे पत्ते आहेत, त्यामुळे या मालाची प्रतवारी कशी लावावयाची हे त्याला शिकवावे लागले नाही. पण एका वस्तूपाशी तो थांबला. सर्व पेट्यांवरची चित्रे मी सोडवून घेतली होती. एकच पेटी अखंड ठेवली होती. तिच्यावरचे चित्र तिरके बसलेले आहे. 'आजोबा, हे असे वाकडे कोणी चिकटवले?' असे त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाच्या निमित्ताने मनात जे विचार आले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

आम्ही रामबागेत राहत असू. त्या वाड्यांतील आणि गल्ल्यांतील मुलांमध्ये आगपेटीवरच्या चित्राला 'छाप' म्हणत. जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढावयाचे, प्रत्येकाने आपले छाप मध्ये मांडावयाचे, आणि दूरच्या रेषेवरून चपटा दगड मारून जेवढे छाप वर्तुळाबाहेर जातील तेवढे आपले, असा तो खेळ. सिगारेटची पाकिटे वरच्या दर्जाचे चलन समजली जात. 'चारमिनार'चे पाकीट रस्तोरस्ती मिळे, म्हणून त्याची किंमत सर्वांत कमी. परदेशी पाकीट एखाद्याला सापडले तर तो महिनाभर गल्लीचा सावकार होऊन बसे. हे भाव कोणी ठरविले हे कोणालाच ठाऊक नव्हते, पण ते मोडण्याची कोणाची छाती नव्हती. दुर्मिळ ते मोलाचे, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आम्ही शाळेत जाण्यापूर्वीच गिरविला होता.

माल मिळविण्याची ठिकाणेही ठरलेली असत. पानाच्या दुकानासमोरची गटार, चहाच्या हॉटेलाची मागची बाजू, आणि सर्वांत मोठी खाण म्हणजे रेल्वे स्टेशन. खांडव्याकडून मीटरगेजची गाडी आली की दक्षिणेकडचे उतारू उतरत, आणि इंदुरात न मिळणारे छाप फलाटावर पडत. त्या काळची पेटी लाकडाच्या पातळ पापुद्र्याची असे. तिच्यावर निळा कागद गुंडाळलेला आणि वर चित्राचा चौकोन चिकटवलेला. पेटी पाण्यात भिजत घालावयाची, खळ सुटली की चित्र अलगद सरकवून काढावयाचे, आणि भूगोलाच्या पुस्तकात दाबून वाळवावयाचे. घोडा, जहाज, कमळ, किल्ली, तलवार घेऊन चित्त्याशी झुंजणारा वीर, अशी ती चित्रे होती. पुस्तकातला भूगोल विसरलो, पण कोणत्या पानावर कोणता छाप वाळत होता ते आजही सांगता येईल.

ही चित्रे मुलांसाठी काढलेली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांचा जन्म व्यापारात झाला. सिगारेटच्या पाकिटातील चित्रांचा इतिहास हेच सांगतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नरम पाकिटातील सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. कोरा तुकडा वाया कशाला घालवावा, म्हणून त्यावर चित्रे आली. १८८० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील विल्स कंपनीनेही ही युक्ती उचलली. पुढे खेळाडू, जहाजे, पक्षी, राजेरजवाडे अशा विषयांच्या पन्नास-पन्नास चित्रांच्या माला निघू लागल्या. वडिलांनी सिगारेट ओढावयाची आणि मुलाने चित्रासाठी टपून बसावयाचे, असा क्रम घरोघर सुरू झाला. एकोणपन्नास चित्रे जमून पन्नासावे मिळत नसेल, तर वडिलांनी सिगारेटचा मक्ता बदलू नये म्हणून मुलगाच आग्रह धरी. व्यापाऱ्याला आणखी काय हवे होते? दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४० मध्ये इंग्लंडमधील ही चित्रे बंद पडली.

आपल्याकडे हे काम आगपेटीने केले. आपल्या देशात प्रारंभी आगपेट्या स्वीडनहून आणि पुढे मोठ्या प्रमाणावर जपानहून येत. ग्राहकांपैकी बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांना नाव वाचता येत नसले तरी चित्र ओळखता येई. म्हणून माणूस दुकानात जाऊन कंपनीचे नाव न घेता 'घोडा छाप द्या' असे म्हणे. हे ओळखून जपानी कारखानदार आपल्या देवदेवतांची चित्रे छापून पाठवीत. १९२२ मध्ये आयात आगपेट्यांवर जबर कर बसला, तेव्हा स्वीडिश कंपनीने या देशातच कारखाने काढले. मुंबईजवळचा अंबरनाथचा कारखाना त्यांतलाच. त्याच सुमारास तामिळ मुलखातील शिवकाशी या कोरड्या, दुष्काळी गावातील पी. अय्या नाडार आणि ए. षण्मुग नाडार हे दोघे कलकत्त्यास जाऊन आगपेट्यांची कला शिकून आले. त्यांनी हाताने चालणारा धंदा उभा केला, आणि त्याच्या जोडीला छापखाने आले. आमच्या डब्यातील बहुतेक छाप त्या छापखान्यांचे होते.

इंदूर तर गिरण्यांचे गाव. दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत येथे कापडाची पहिली गिरणी निघाली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मालवा, हुकूमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, नंदलाल भंडारी अशा गिरण्यांचे भोंगे पहाटे गावाला जागे करू लागले. ताग्यावर रंगीत तिकीट चिकटविण्याची रीत मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी पाडली होती. ती देशी गिरण्यांनीही उचलली. त्या तिकिटांवरची लक्ष्मी किंवा मुरलीधर कित्येक घरांत चौकटीत बसून देव्हाऱ्यापर्यंत पोचले. आमच्या ओळखीच्या एका कापडदुकानात दिवाळीची खरेदी झाली की मी तिकिटासाठी हट्ट धरी, आणि दुकानदार हसून एखादे सोडवून देई.

टपाल तिकिटांची गोष्ट निराळी. होळकर संस्थानाचे पहिले तिकीट १८८६ मध्ये निघाले. ते अर्ध्या आण्याचे होते, त्यावर दुसऱ्या तुकोजीरावांची प्रतिमा होती, आणि ते लंडनच्या वॉटरलो कंपनीने छापले होते. त्याच वर्षी महाराज निवर्तले. शेजारच्या ग्वाल्हेरच्या तिकिटांशी त्याची तुलना केली म्हणजे एक मौज दिसते. ग्वाल्हेर दरबाराने इंग्रज सरकारशी करार केला होता, म्हणून तेथील तिकिटावर प्रतिमा व्हिक्टोरिया राणीची आणि वर ग्वाल्हेरचे नाव छापलेले असे. ते पत्र हिंदुस्थानभर जाई. इंदूरच्या तिकिटावर राजा आपला होता, पण ते तिकीट संस्थानाच्या हद्दीपलीकडे चालत नसे. एकाकडे पोच होती, दुसऱ्याकडे चेहरा होता. पुढे शिवाजीराव, तिसरे तुकोजीराव आणि यशवंतराव यांच्या प्रतिमांची तिकिटे निघाली. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघ अस्तित्वात आला, त्यात संस्थान विलीन झाले, आणि १९५० मध्ये संस्थानी तिकिटांचे चलनही संपले.

आमच्या हाती ती तिकिटे आली ती आजोबांच्या जुन्या पत्रव्यवहारातून. त्यांच्यावर पत्र जात नव्हते. म्हणूनच ती आम्हांला मिळाली. वस्तूचा उपयोग संपतो तेव्हाच ती संग्राहकाच्या हाती येते. आजोबा ती तिकिटे हातात घेऊन बराच वेळ पाहत बसत. त्यांनी होळकर सरकारच्या कचेरीत नोकरी केली होती. विलीनीकरण योग्यच झाले असे ते आम्हांला निक्षून सांगत, आणि तरीही तिकिटावरून अंगठा फिरवीत. एका माणसाच्या मनात या दोन गोष्टी एकाच वेळी कशा राहू शकतात, हे मला तेव्हा उमगले नाही.

क्रिकेटपटूंच्या छायाचित्रांचेही असेच. होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या काळात रणजी करंडकाची अंतिम फेरी दहा वेळा गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्यांनी आठ गडी बाद ९१२ धावा केल्या, आणि त्या एका डावात सहा जणांनी शतके काढली. हे आकडे आम्हांला पाढ्यांप्रमाणे येत. वस्तुतः आम्हांला समज आली तोवर तो संघ उरला नव्हता. संस्थानामागोमाग त्याचेही नाव गेले होते. कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांची जी छायाचित्रे आम्ही खळीने वहीत चिकटवीत असू, ती थोरल्या भावांच्या वहीतून वारशाने आलेली. न पाहिलेल्या खेळाविषयीही माणसाला ओढ वाटू शकते, हे मी त्या वहीवरून शिकलो. १९९६ मध्ये भारताच्या टपाल खात्याने नायडूंचे तिकीट काढले. ते विकत घेताना एक संग्रह दुसऱ्याला येऊन मिळाल्यासारखे वाटले.

आता प्रश्न असा की या कागदाच्या कपट्यांत एवढी ओढ कशाची? मला तीन कारणे दिसतात. पहिले असे की, मुलाच्या आयुष्यात सर्व वस्तू दिलेल्या असतात. कपडे वडील आणतात, पुस्तके शाळा ठरविते, जेवण आई वाढते. छाप मात्र त्याने स्वतः शोधलेला, कमावलेला, प्रसंगी हरलेलाही असतो. दुसरे कारण व्यवस्थेचे. जग अफाट आणि गोंधळाचे असते. डब्यातले जग मोजता येते, लावता येते, आणि त्यात काय उणे आहे हेही नेमके सांगता येते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एकट्याने संग्रह होत नाही. माझ्याजवळ दोन जहाजे आणि तुझ्याजवळ दोन घोडे असतील तरच व्यवहार होतो. भांडणे, कबुलीजबाब, उधारी, विश्वास, सगळे त्या अदलाबदलीत असे. आज एखादा छाप हाती घेतला की चित्राआधी तो ज्याच्याकडून घेतला त्या सवंगड्याचा चेहरा समोर येतो. त्यांतले बरेच आता नाहीत.

अशा आठवणींत रमण्याला मराठीत 'स्मरणरंजन' असा एक सुरेख शब्द रूढ झाला आहे. ज्या युरोपीय शब्दासाठी तो आपण योजतो, तो शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला. घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांना, विशेषतः परमुलखात चाकरी करणाऱ्या शिपायांना, जडणाऱ्या व्याधीचे ते नाव होते. घरी परतणे आणि वेदना, अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. भेद पाहण्यासारखा आहे. त्यांच्या शब्दात वेदना आहे, आपल्या शब्दात रंजन आहे. आम्ही आठवणीतून करमणूक काढून घेतली आणि दुखणे तेवढे बाहेर ठेवले. आजोबा तिकिटावरून अंगठा फिरवीत तेव्हा त्यांत दोन्ही होती, असे मला आता वाटते.

आणि जेथे रंजन असते तेथे बाजार यावयाचाच. अमेरिकेत १९५२ साली टॉप्स या कंपनीने बेसबॉलपटूंच्या चित्रांची एक माला काढली. तिचा मोठा साठा विकला गेला नाही. १९६० मध्ये तो नावेवर लादून आपण समुद्रात बुडविला, असे त्या कंपनीच्या कर्त्या गृहस्थाने पुढे सांगितले. त्याच मालेतील मिकी मँटल या खेळाडूचे एक चित्र २०२२ च्या लिलावात एक कोटी सव्वीस लक्ष डॉलरांना गेले. जो माल फुकट घ्यायला कोणी नव्हते, त्याला ही किंमत का आली? ज्यांनी बालपणी ती चित्रे सायकलच्या चाकाला लावली, ज्यांच्या आयांनी ती घर आवरताना फेकून दिली, ती पिढी श्रीमंत झाली. हरवलेले बालपण विकत मिळेल अशी आशा तिला वाटली. आपल्याकडेही संस्थानी तिकिटांचे आणि जुन्या छापांचे लिलाव आता होतात. त्यांत वावगे काही नाही. पण किंमत आणि मोल या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे भान असावे.

येथवर सारे रंजनच झाले. आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो.

ते चित्र कोणी चिकटवले असेल? शिवकाशी आणि आसपासच्या गावांत पेट्या बनविणे, काड्या चौकटीत भरणे, चित्रे चिकटविणे, डझनांचे गठ्ठे बांधणे, ही कामे हाताने होत, आणि ती बहुतांशी बायका आणि मुले करीत. मजुरी नगावर असे. पुढील दशकांत तेथील बालमजुरांचा प्रश्न देशापुढे आला. १९८६ च्या कायद्याने आगपेट्या आणि फटाके यांच्या निर्मितीत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी केली. तरीही शिवकाशीच्या कारखान्यांतील मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि १९९६ मध्ये त्या न्यायालयाने अशा मुलांना कामावरून काढून शाळेत घालण्याविषयी सविस्तर निर्देश दिले. त्या मुलांचे वय आठ, दहा, बारा असे असे. छाप जमविताना माझेही वय तेच होते.

ती वाकडी पेटी नेमकी कोणाच्या हातची, हे तिच्यावर लिहिलेले नाही. ते हात एखाद्या थकलेल्या बाईचे असतील, किंवा माझ्याच वयाच्या मुलाचे असतील. पण ज्या चौकोनाला मी मालमत्ता समजत होतो, तो कोणाच्या तरी दिवसभराच्या मजुरीतला एक क्षण होता, ही गोष्ट साठ वर्षांत माझ्या मनात एकदाही आली नव्हती. खेळात तिरका छाप आम्ही 'खोडीचा' म्हणून बाद करीत असू. ही पेटी मी अखंड ठेवली ती केवळ त्यामुळे. बाद मालाला भिजविण्याचे श्रम कोण घेणार?

तेच कापडाच्या तिकिटांचे. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकूमचंद गिरणी नव्वदीच्या आरंभी बंद झाली, आणि तेथील कामगारांची थकलेली देणी मिळण्यास तीन दशके लोटली. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये देण्यात आले. तोवर त्यांतील कित्येक जग सोडून गेले होते आणि पैसा वारसांच्या हाती पडला. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांचे देखावे अजूनही इंदूरच्या रस्त्यांवरून निघतात. आपण ते पाहण्यास गर्दी करतो आणि जुने दिवस आठवून सुखावतो. त्या देखाव्यांमागे चालणाऱ्या माणसांना मात्र जुन्या दिवसांची नुसती आठवण नव्हती, त्यांचे येणेही होते.

याचा अर्थ डबा फेकून द्यावा असा नाही. उलट, तो जपून ठेवण्याचे खरे कारण मला आता सापडले आहे. राजवाड्याच्या भिंतीवर राजाचे नाव राहते, गिरणीच्या दारावर मालकाचे. ज्यांनी चित्रे काढली, छापली, चिकटवली, आणि ज्यांनी ती वेचून जपली, त्यांची नोंद कोठेच नसते. असलीच तर अशा डब्यांतून असते. आपणांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा डबा, एखादी वही असेल. ती उघडा. प्रत्येक वस्तूच्या मागे, पेन्सिलीने का होईना, ती कोठून आली, कोणी दिली, केव्हा दिली, हे लिहून ठेवा. मागच्या बाजूस काहीच लिहिलेले नसेल तर ते नुसते रंजन. दोन ओळी लिहिल्या की तो इतिहास झाला.

नातू परत जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे ते काम करीत बसलो. मी सांगत होतो आणि तो लिहीत होता. वाकड्या पेटीची पाळी आली तेव्हा त्याने विचारले, 'आजोबा, येथे काय लिहू?' मी म्हटले, 'लिही की शिवकाशीकडची असावी; चिकटवणाऱ्याचे नाव आपण विचारले नाही.' त्याने ते तसेच लिहिले, आणि आपल्या पत्त्यांतला एक आवडता पत्ता काढून डब्यात ठेवला. बदल्यात काय हवे, असे मी विचारले. त्याने ती वाकडी पेटी मागितली. सौदा रामबागेच्या नियमाने झाला, आणि मला वाटते, नफ्यात दोघेही राहिलो.